मदतनीस काय लिहिते?

फडणीस, चिटणीस, पारसनीस. तिन्ही आडनावांची शेपटी एकच आणि ती फारसीतून आलेली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द, म्हणजे हिशेबाचं पत्रक, लिहिणारा तो फर्दनवीस. त्याचा झाला फडणवीस आणि बोलता बोलता फडणीस. चिठ्ठ्याचपाट्या लिहिणारा चिटणीस, फारसी कागदपत्रं सांभाळणारा पारसनीस. पुढे मराठीला त्या शेपटीतलं लिहिणं आठवेनासं झालं. 'ते काम बघणारा' एवढाच अर्थ उरला आणि मग ती अरबीतून आलेल्या 'मदत'लाही बिनदिक्कत चिकटली. मदतनीस. शब्द उसवून पाहिला तर 'मदत लिहिणारा'.

आज हा शब्द सगळ्यात जास्त कुठे ऐकू येत असेल तर अंगणवाडीत. केंद्रात दोघी असतात, एक सेविका आणि एक मदतनीस. मदतनीस घरोघर जाऊन मुलांना गोळा करून आणते, खोली झाडते, पाणी भरते, खिचडी वाढते, कुणाची चड्डी ओली झाली तर ती बदलते. लिहीत मात्र काही नाही. लिहिण्याचं सगळं ओझं सेविकेवर. एके काळी अकरा रजिस्टरं होती: कुटुंब पाहणी, आहार साठा, पूर्वशालेय हजेरी, लसीकरण, गृहभेटी, वजन वगैरे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. म्हणजे जिच्या नावात लेखणी आहे ती लिहीत नाही आणि जी मान मोडून लिहिते तिच्या नावात सेवा आहे.

शब्दांच्या असल्या गमती जमवायचा नाद असला की जुळे सोलापूर राहायला बरं. गावाच्या दक्षिणेला, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या माळावर वसलेली ही वस्ती. नावातच जुळं. संस्कृत 'युगल'चं प्राकृतात 'जुअल' झालं आणि मराठीत आलं जुळं. जुनं गिरणगाव तिकडे, नवं बंगल्या-अपार्टमेंटचं गाव इकडे, अशी ती जोडी. पण या जुळ्या गावातही आणखी एक जुळं आहे. एका बाजूला कार्टून रंगवलेल्या भिंतीची प्ले स्कूल आणि दोन वळणं घेतली की समाजमंदिराच्या खोलीतली अंगणवाडी. दोन्हीकडे मुलं तीन ते सहा वर्षांची. शिकवणाऱ्या बाईंना काय म्हणायचं, हा घोळही दोन्हीकडे सारखाच.

सेविकेपासून सुरुवात करू. 'सेवा' शब्दाचं चरित्र मोठं चढउताराचं आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सेवेला 'श्ववृत्ती', कुत्र्याचं जिणं, म्हटलंय आणि ब्राह्मणाने ती टाळावी असं बजावलंय. तिथे सेवा म्हणजे दुसऱ्याची चाकरी. भक्तिमार्गाने तिला देवळात नेलं आणि ती पवित्र झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती राष्ट्रकार्यात आली: गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. सेवासदनची शाळा सोलापुरातही आहे, म्हणून हा शब्द आमच्या कानाला परका नाही. त्या सेवासदनातली 'सेवा' नुसती भावना नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिथे बायकांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचं रीतसर शिक्षण मिळत होतं. सेवा करायची तर ती शिकून करायची, असा तो काळ.

स्वातंत्र्यानंतर, तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास, भारतीय बालकल्याण परिषदेने 'बालसेविका' प्रशिक्षण सुरू केलं. अभ्यासक्रम जवळजवळ वर्षभराचा. इथेही सेविका म्हणजे शिकून तयार झालेली बाई. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. या नावातली 'सेवा' वेगळी आहे. ती इंग्रजीतली 'सर्व्हिसेस', अनेकवचनी, सहा कलमांची: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण, आणि पोषण व आरोग्य शिक्षण. पाणीपुरवठा ही जशी सेवा, तशा या सेवा. सरकारने द्यायच्या, नागरिकाने घ्यायच्या. पण त्या देणाऱ्या बाईचं नाव मराठीत 'सेविका' ठरलं आणि तिथे जुनी, देवळातली सेवा हळूच आत शिरली. इंग्रजीत ती 'वर्कर', शेजारच्या कर्नाटकात 'कार्यकर्ते', हिंदीत 'कार्यकर्ता'. तिन्हीत काम आहे. मराठीने काम काढलं आणि सेवा घातली. मराठीने केलेला हा फेरफार मला निरागस वाटत नाही. कामाला दाम मागता येतो. सेवेला दाम मागितला की मागणाऱ्यालाच ओशाळं व्हायला होतं.

सरकारला मात्र सोयीप्रमाणे या शब्दाचे तिन्ही अर्थ येतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात ठरलं की अंगणवाडी कार्यकर्त्यांचं पद हे शासकीय सेवेतलं पद नव्हे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच बायकांना 'अत्यावश्यक सेवा' कायद्याखाली आणलं, म्हणजे संप केला तर गुन्हा. विधानसभेत गदारोळ झाला आणि त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. थोडक्यात, सेवा अत्यावश्यक पण सेवेत नाही.

आणखी एक मजा. वीस-पंचवीस अंगणवाड्यांच्या गटाला आमच्याकडे 'बीट' म्हणतात, पोलिसांच्या बीटसारखंच. बीटवर देखरेख करणारी ती मुख्यसेविका. ती सरकारी कर्मचारी, तिला वेतनश्रेणी, तिला निवृत्तिवेतनाचे नियम. 'सेविका'च्या मागे 'मुख्य' लागलं की मानधनाचं वेतन होतं. व्याकरणात विशेषणाला एवढी ताकद असल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

तर मानधन. हा शब्द हल्ली 'ऑनरेरियम'चा प्रतिशब्द म्हणून चालतो: कवीला कवितेचं, व्याख्यात्याला व्याख्यानाचं, हार्मोनियमवाल्याला साथीचं. मोल करता येत नाही म्हणून मान म्हणून दिलेलं धन. पण हा शब्द 'ऑनरेरियम'साठी नव्याने पाडलेला नाही, तो बराच जुना आहे आणि जुन्या संस्कृतात त्याचा अर्थ नेमका उलटा होता. तिथे तो बहुव्रीही समास: मान हेच ज्याचं धन आहे, असा मानी माणूस. भारवीच्या 'किरातार्जुनीय'च्या पहिल्या सर्गात युधिष्ठिराने पाठवलेला वनेचर दुर्योधनाच्या योद्ध्यांचं वर्णन करताना हाच शब्द वापरतो. आणि हुशार हेर असल्याने त्याच दमात असंही सांगतो की दुर्योधनाने त्या मानधनांना भरपूर धन देऊन खूश ठेवलंय. दुर्योधनाला कळत होतं की नुसत्या मानावर सैन्य लढत नाही.

मान, मान्य, मान्यता, मानकरी, मानपान हे सगळे एका घरचे. मूळ 'मन्' धातू, विचार करणे, लेखणे. ज्याला आपण काहीतरी लेखतो त्याला मान देतो. आपल्या खांद्यावरची मान मात्र या घरची नाही. ती संस्कृत 'मन्या'वरून आली, म्हणजे मानेची मागची शीर. 'मान मोडून' काम करताना ही दुसरी मान मोडते. दोन्ही माना मराठीत एकाच उच्चाराला येऊन थांबल्या, हा निव्वळ योगायोग. अंगणवाडीच्या खोलीत, खाली बसून, मांडीवर रजिस्टर घेऊन लिहिणाऱ्या बाईकडे पाहिलं की तो योगायोग जरा टोचतो.

उलट 'वेतन' हा शब्द स्वच्छ. पाणिनीच्या अष्टाध्यायीत वेतनावर जगणाऱ्यासाठी वेगळं सूत्रच आहे. त्यावरून 'वैतनिक' शब्द होतो. 'पगार' तर त्याहून रोखठोक: पोर्तुगीजांच्या 'पागार' या क्रियापदाचा अर्थच पैसे चुकते करणे. आपण क्रियापद घेतलं आणि त्याचं नाम केलं. सोलापूरच्या गिरण्यांत पगार होता, यंत्रमागावर मजुरी आहे, विडीला हजारी दर आहे. एकाच घरात सासू विड्या वळते, मुलगा मागावर जातो आणि सून अंगणवाडीत असते. तिघांच्या कमाईला तीन नावं. आणि भाषेच्या दृष्टीने सगळ्यात प्रतिष्ठेचं नाव जिला मिळतं, ती सगळ्यात जास्त कमावते असं मुळीच नाही. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनीसचं ४,४२५ वरून ५,५००. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यभर संप सुरू झाला आणि तो पुढच्या वर्षीच्या जानेवारीअखेरीपर्यंत चालला.

'मानधन' या शब्दाचा निकाल मात्र संपात लागला नाही, कोर्टात लागला. २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधल्या मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी ठरवलं की अंगणवाडीतल्या दोघींनाही उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, कायदा लागू होतो. सरकारचा एक मुद्दा शुद्ध शब्दाचा होता: आम्ही देतो ते मानधन, वेतन नव्हे, मग उपदान कसलं? न्यायालय म्हणालं, नाव काहीही द्या, केलेल्या कामाबद्दल जे मिळतं ते कायद्याच्या व्याख्येतलं वेतनच. व्युत्पत्तिकोशाला जे जमत नाही ते न्यायालयाने केलं. एका समासाचा विग्रह करून त्यावर सही-शिक्का मारला.

आता ज्या जागेवरून 'अंगणवाडी' हे नाव मिळालं तिथे जाऊ. ते नाव घडवणाऱ्या ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. राजकोटला बायकांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी १९२० साली तिथे बालमंदिर काढलं होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभं केलं. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट कायम होती. बालमंदिर तिथे त्याच्या जोडीला अध्यापन मंदिर. मुलांना शिकवायची जागा आणि शिकवणारीला शिकवायची जागा एकमेकींना चिकटून. लहान मुलांना सांभाळणं कुठल्याही बाईला आपोआप येतं, या समजुतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गिजुभाईंना तर गुजराथेत मिशीवाली आई म्हणत. म्हणजे हे काम बाईपणातून येतं हा समजसुद्धा तिथे मोडीत निघाला होता.

१९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी हा शब्द याच मंडळींनी रुजवला. बोर्डी-घोलवड म्हणजे चिकूचा मुलूख, आणि तिथे 'वाडी' म्हणजे बाग. संस्कृत 'वाट', कुंपण घातलेली जागा. त्यावरून वाडा, वाडी, वाटिका. फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत 'किंडरगार्टन' म्हटलं त्याचं हे बोर्डीच्या मातीतलं रूप. गुजरातीतही वाडी म्हणजे मळाच. आमच्या सोलापूरकडे मात्र वाडी म्हटलं की झाडं डोळ्यांपुढे येत नाहीत. इथे कुणाच्या तरी आडनावापुढे वाडी लावली की चार घरांचं गाव होतं. बाग म्हणायची तर आमचा शब्द मळा. ताराबाई बोर्डीऐवजी बार्शीला गेल्या असत्या तर आज देशभर 'बालमळे' असते. त्यामुळे सोलापूरकराच्या कानाला बालवाडी म्हणजे मुलांची बाग कमी आणि मुलांची वस्ती जास्त. मला विचाराल तर हा अर्थही वाईट नाही.

बोर्डीला एक अडचण होती. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. घरी धाकटं भावंड सांभाळायचं होतं, शेरडं बघायची होती, आणि गावातल्या शाळेत आपल्याला कोण बसू देणार ही भीतीही होती. मग बालवाडीच उठून त्यांच्या दारात गेली. हरिजनवाड्यात, अंगणात. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि दारातली ती अंगणातली. या 'अंगण-बालवाडी'तला 'बाल' पुढे गळला आणि राहिली अंगणवाडी. १९७५ च्या योजनेने हाच शब्द उचलला आणि तो काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. 'आंगन' हिंदीवाल्यांना आपलं वाटतं, पण 'वाडी' त्यांची नाही, त्यांची 'बाड़ी'. अर्धा शब्द पश्चिम किनाऱ्याचा आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. कन्नडमध्ये अंगणाला 'अंगळ' म्हणतात, तेलुगूत 'अंगणम्'. विजापूर रस्त्याने सरळ गेलं आणि राज्याची हद्द ओलांडली, तरी अंगणवाडी अंगणवाडीच राहते. मराठी मुलखात घडलेला आणि सगळ्या भारताने जसाच्या तसा घेतलेला असा दुसरा सरकारी शब्द मला पटकन आठवत नाही.

पण एक गोष्ट वाटेत सांडली. फ्रोबेलच्या भाषेत शिकवणारीला 'किंडरगेर्टनेरिन' म्हणत. गेर्टनेरिन म्हणजे माळीण. बागेसोबत माळीण आलीच, आणि माळीण म्हटलं की तिला खत-पाणी, कलम, कीड याची माहिती असणार हे ओघाने आलं. फ्रोबेलने त्या माळणी तयार करण्यासाठी वर्गही काढले होते. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये अड्यारला आल्या त्याही मुलांची शाळा चालवायला नव्हे, शिक्षिकांना शिकवायला. ही बाग आपण मराठीत आणली, अंगणात लावली, साऱ्या देशाला दिली. माळणीचं नाव तेवढं आणलं नाही.

जुळ्या सोलापूरच्या दुसऱ्या जुळ्यात काय आहे? तिथे नर्सरी आहे. विजापूर रस्त्याला दोन प्रकारच्या नर्सऱ्या लागतात. एकीत जास्वंद आणि आंब्याची कलमं काळ्या पिशव्यांत उभी असतात, दुसरीत मुलं. शब्द लॅटिनमधल्या पोसणे या अर्थाच्या धातूचा, नर्सही त्यातलीच. झाडांच्या नर्सरीला सरकारी मराठीत रोपवाटिका म्हणतात. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पहिलीच्या आधीच्या वर्गाला नाव मिळालं बालवाटिका. म्हणजे वाटिकेची झिजून झिजून वाडी झाली, वाडीने देशभर नाव काढलं, आणि आता दिल्लीहून ती पुन्हा कडक इस्त्री केलेली वाटिका होऊन परत आली. केंद्रीय विद्यालयांत बालवाटिका एक, दोन, तीन असे वर्ग आहेत. माझ्या आधीच्या पिढीत याच वयाच्या वर्गाला 'बिगरी' म्हणत, पु. लं.च्या लेखाच्या नावामुळे तेवढा शब्द तगला. छोटा गट, मोठा गट, छोटा शिशू, मोठा शिशू, ज्युनियर केजी, सीनियर केजी. मुलाच्या इयत्तेला इतकी नावं सुचली. बाईंना एकच नाव, तेही उसनं: मिस.

मिस लग्न झालेलीही असते, पन्नाशीचीही असते. 'मिस आल्या' असं आदराचं अनेकवचनही चालतं. काही ठिकाणी मिसचं आता मॅम झालंय. आणि इथेच दोन्ही जुळी एका उच्चारावर येऊन आदळतात. प्ले स्कूलमध्ये 'मॅम' म्हणजे शिक्षिका. अंगणवाडीत 'मॅम' म्हणजे मध्यम कुपोषित मूल, आणि 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित. 'माझ्याकडे दोन मॅम आहेत' हे वाक्य आसरा चौकाच्या एका अंगाला मुख्याध्यापिका बोलू शकते आणि दुसऱ्या अंगाला सेविका. पहिलीला पगाराची काळजी, दुसरीला वजनाची.

खासगीकडच्या मिसची स्थितीही फार वेगळी नाही. तिची पात्रता काय असावी, तिला कमीत कमी किती द्यावं, हे विचारणारं फारसं कुणी नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी कायदा केला तो प्रवेशापुरता; चिमुरड्यांच्या नि पालकांच्या मुलाखती थांबाव्यात म्हणून. शिकवणारीकडे कायद्याची नजर वळली नाही. खांबाखांबांवर 'एनटीटी कोर्स, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या लटकतात. कोर्स खराच मान्यताप्राप्त आहे का, हे विचारायला गेलं की उत्तरं गुळमुळीत येतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या यादीत पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका आहे, पण पाटीवरचा कोर्स बहुधा तो नसतो. आपल्याकडे 'सरकारमान्य' ही अक्षरं सगळ्यात ठसठशीत दिसतात ती देशी दारूच्या दुकानावर.

मुलं मात्र या कशाच्या भानगडीत पडत नाहीत. ती हाक मारतात ती नात्याची. सोलापुरात नात्याच्याही चार तऱ्हा. मराठी घरातलं मूल ताई म्हणतं, पूर्वभागातलं तेलुगू पोर अक्का म्हणतं, कन्नड घरातलंही अक्काच, उर्दू बोलणारं आपा. सगळ्यांचा अर्थ थोरली बहीण. ही हाक गोड आहे, ती जावी असं मला अजिबात वाटत नाही. पण पुरुष मास्तर असतो तेव्हा तो 'गुरुजी' असतो, 'दादा' नसतो. गुरुजी या शब्दात विद्या आहे. 'बाई' या शब्दात तो माणूस स्त्री आहे एवढीच माहिती आहे. जुन्या 'पंतोजी'ला तर स्त्रीलिंगी रूपच नव्हतं, लागलंच नाही.

आमच्या पद्मशाली शेजाऱ्यांचे नातलग तेलंगणात आहेत. तिथल्या सरकारने पदाचं नावच बदलून 'अंगणवाडी टीचर' केलं. उन्हाळ्यात तिकडून आलेली पाहुणी इथल्या ताईला सहज 'टीचर' म्हणते आणि ताई क्षणभर मागे वळून पाहते, कुणाला हाक मारली म्हणून.

राहिला प्रशिक्षणाचा शब्द. एकदा नेमणूक झाली की पायाभूत प्रशिक्षण आणि मग अधूनमधून 'उजळणी प्रशिक्षण'. उजळणी 'उज्ज्वल'च्या घरची, उजळणे, भांडं घासून लखलखीत करणे. पाढ्यांची उजळणी आपण याच अर्थाने करत होतो. पण उजळायला आधी भांडं पुरेसं जाड लागतं. बालसेविकेला जवळजवळ वर्षभर शिकवत. अंगणवाडीचं काम सुरू झालं तेव्हा ते काही महिन्यांवर आलं आणि पुढे जेमतेम महिनाभरावर. त्या महिन्यातही सहा सेवांपैकी शिक्षण ही एकच. बाकीचा वेळ वजनकाटा, वाढीचा आलेख, घरी न्यायच्या आहाराची, म्हणजे टीएचआरची, पाकिटं. 'आकार' नावाचा राज्याचा बालशिक्षण अभ्यासक्रम चांगला आहे, आणि २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी' नावाने प्रशिक्षणं सुरू झाली. त्या नावातला दुसरा 'भी' पाहा. शिक्षण आलं ते 'सुद्धा' म्हणून.

२०२० च्या धोरणात अधिक मोठं वचन आहे. बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका. दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून एकदा तरी समोरासमोर वर्ग. धोरणाच्या इंग्रजी प्रतीत या बायकांसाठी 'वर्कर' आणि 'टीचर' हे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेत आणि मध्ये एक तिरपी रेघ आहे. लिहिणाऱ्यालाही ठरवता आलं नसावं. मला तरी त्या रेघेच्या उजव्या बाजूला 'बालशिक्षिका' असा साधा शब्द हवा आहे. तो शुद्ध आहे, उच्चारायला सोपा आहे, आणि त्यात ताई म्हणून हाक मारायला कुणाची हरकत नाही. ओळखीच्या एका सेविकेला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "म्हणा की ओ, काय बी म्हणा. पण शिक्षिका म्हणल्यावर वजनं कोण घेणार, ते बी लिहा त्यात."

राज्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमणुकीचे नियम बदलले आणि बारावी ही किमान पात्रता केली, सेविकेसाठी आणि मदतनीससाठीही. त्याच वस्तीत राहणारी हवी ही अट पहिल्यापासूनची. अंगणात वर्ग भरवायचा तर अंगण ओळखीचं लागतंच. गुणांकनात पदवीला गुण आहेत, डी.एड.ला आहेत, बी.एड.लाही आहेत. जाहिरातीच्या मथळ्यात मात्र 'मानधनी पदे'. आमच्या मागच्या वस्तीत अलीकडे लागलेली मुलगी अशीच डी.एड. होऊन आलेली. मण्यांच्या माळेवर मोजणी घेताना ती मुलांना दहाला थांबवते, दहावा मणी वेगळ्या रंगाचा ओवते, आणि पुढचा आकडा सांगायच्या आधी मुलांना अंदाज करू देते. हे तिला कुणी महिन्याभरात शिकवलेलं नाही. मी म्हटलं, छान करतेस. तर म्हणाली, "सध्या टीईटीचा अभ्यास करायलीय."

टीईटी असते ती पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी.